उदाहरणाचं वाक्य

“मग कधी आणताय त्यांना?” वकीलबाईंनी मला विचारलं.

तसं पाहिलं तर प्रश्न मला नव्हताच, माझ्या वाक्याला होता. आमच्या शब्दकोशाच्या कचेरीत ही रीतच आहे. इंग्रजी शब्दाचा अर्थ आपल्या भाषेत लिहून झाला की त्याखाली उदाहरणादाखल एक वाक्य द्यायचं असतं, आणि ते छापायला जाण्याआधी त्याचा पडताळा होतो. दुपारचा चहा झाला की आम्ही लांब टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसतो. ज्याचं वाक्य असेल त्यानं ते समोरच्याकडे बघून, काही प्रस्तावना न करता, घरात बोलावं तसं बोलायचं. समोरच्यानंही घरात द्यावं तसं उत्तर द्यायचं. त्यानं उलट प्रश्न विचारला, तो चिडला, हसला, भांडला, तर वाक्य जिवंत. त्यानं नुसती मान डोलावली किंवा ‘बरं’ म्हटलं तर वाक्य मेलेलं. कार्ड परत घ्यायचं आणि दुसरं लिहायचं. ही रीत मास्तरांनी घालून दिली. मास्तर म्हणजे आमचे प्रमुख संपादक. त्यांची हयात शाळेत गेली, त्यामुळे पोरांच्या खोट्या सबबी त्यांना पाठ आहेत. त्यांचं म्हणणं असं, की खोट्या वाक्याला माणूस सहसा प्रश्न विचारत नाही, कारण ते खोटं आहे हे त्याला आतून कळलेलं असतं. नवीन लोक पडताळ्याला सुरुवातीला लाजतात. वकीलबाई लाजल्या नव्हत्या. त्या वकील नाहीत, पण पहिल्याच दिवशी ‘मी उद्यापासून लवकर उठणार आहे’ या वाक्यावर त्यांनी समोरच्या गृहस्थाची अशी उलटतपासणी घेतली की त्यांना हे नाव चिकटलं ते चिकटलंच.

माझं वाक्य होतं, ‘ताईला आमच्याकडे आणावं असं फार वाटतं.’ शब्द होता व्हेलीइटी.

“पास,” मास्तर म्हणाले. “पुढचं घ्या.” टेबल पुढच्या शब्दाकडे वळलं. तो कुठल्याशा गवताचा होता आणि त्यावर बराच काथ्याकूट झाला. मी कार्डावर बरोबरची खूण केली आणि ती करताना माझ्या मनात पाल चुकचुकली. वाक्य पास व्हायला नको होतं. म्हणजे वाक्य म्हणून ते चांगलंच होतं, पण वकीलबाईंनी त्याला प्रश्न विचारला तो त्या मला पुरतं ओळखत नाहीत म्हणून. मला ओळखणारी दोन माणसं हे वाक्य गेले कितीतरी महिने ऐकत होती आणि त्यांपैकी कुणीही कधी काही विचारलं नव्हतं. बायको ‘हं’ म्हणायची. ताई ‘येईन की’ म्हणायची. कोशाच्या टेबलावर असं उत्तर आलं असतं तर मी स्वतःच कार्ड परत घेतलं असतं.

व्हेलीइटी हा शब्द माझ्या वाट्याला आला तेव्हा मला जरा आनंदच झाला होता. असले शब्द वर्षाकाठी एखाददुसरे भेटतात. बोलण्यात तो कुणी वापरत नाही. इंग्रजी चांगलं येणाऱ्या निम्म्या लोकांनी तो ऐकलेलाही नसेल. इच्छेची अगदी खालची पायरी, असा त्याचा अर्थ. इच्छा आहे, पण ती हातापायांपर्यंत पोचत नाही. लॅटिनमधलं ‘इच्छिणं’ हे क्रियापद त्याच्या पोटात आहे, आणि पूर्वी धर्माची चर्चा करणारे पंडित तो वापरायचे: पूर्ण इच्छा वेगळी आणि ही अर्धीमुर्धी वेगळी, असा भेद करण्यासाठी. मुक्ती हवी आहे, पण ती अंथरुणात आणून कुणी दिली तर. पुढे तो कथाकादंबऱ्यांत आला. माझ्या पुढ्यात उताऱ्यांच्या कार्डांची चळत होती. एका जुन्या प्रवचनात झोपेतून जागा झालेला, पण डोळे न उघडणारा माणूस होता. एका कादंबरीत एक गृहस्थ दर वसंतात माळ्यावरची ट्रंक खाली काढायला लावतो, पुसायला लावतो, आणि प्रवासाच्या गप्पा मारत तिच्यावर पाय ठेवून बसतो. आणखी एकीत जेवणानंतर खुर्च्यांत रेललेली मंडळी कुणा आजारी मित्राला भेटून यायला हवं असं एकमेकांना सांगत राहतात. सगळी कार्डं वाचून झाल्यावर माझ्या ध्यानात आलं की लेखक हा शब्द काढतात तो एका विशिष्ट माणसासाठी. ज्याला दुष्ट म्हणता येत नाही आणि चांगलंही म्हणवत नाही अशासाठी. त्यात शिवी नसते, कीवही नसते; थंडपणे ठेवलेलं बोट असतं. आणि एक गंमत अशी, की त्या चळतीतल्या एकाही उताऱ्यात कुणी उभं नव्हतं. सगळे बसलेले नाहीतर आडवे.

याला आपल्याकडे काय म्हणायचं यावर घोडं अडलं होतं. ‘इच्छाभास’ मला आवडला होता, पण त्यात इच्छा खोटी ठरते, आणि इथे ती खोटी नसते. ‘क्षीण इच्छा’ म्हटलं की आजाऱ्याला भूक नसावी असं वाटतं. ‘भिजत घोंगडं’ जवळ जातं, पण त्यात निदान घोंगडं भिजवण्याइतकी तरी हालचाल झालेली असते. शेवटी मी सरळ लिहिलं, ‘कृतीपर्यंत न पोचणारी, नुसती वाटण्यापुरती इच्छा’. मग उदाहरणासाठी पेन उचललं आणि ताईचं वाक्य एका दमात लिहून मोकळा झालो. विचार करावाच लागला नाही. आमच्या धंद्यातला हा दोष आहे. घरातली वाक्यं आम्ही बोलता बोलता उचलतो, कार्डावर टाकतो आणि ती चपखल बसली की खूश होतो. ती आपण कुणाला बोललो होतो ते विसरतो.

आई गेली तेव्हा मी चालायला लागलो होतो एवढंच. ताई तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्गात होती. ती शाळा तिनं सोडली आणि शिवणाचं मशीन घेतलं. लोखंडी पायांचं, पायानं चालवायचं, जुनंच, कुणाकडून तरी घेतलेलं. त्यावर तिनं शाळेचे गणवेश शिवले, पडदे शिवले, उशांचे अभ्रे शिवले, आणि मला शिकवलं. वडील होते, पण ते कामावरून येऊन भिंतीकडे तोंड करून झोपत. माझं लहानपण त्या मशीनच्या पायांशी गेलं. दिव्याचा उजेड तिथेच पडायचा, म्हणून अभ्यास तिथे. मशीनचा आवाज चालू असला की मला अक्षरं दिसायची. तो थांबला की मी वर बघायचो, ताईला झोप लागलीय की काय म्हणून. तिनं लग्न केलं नाही. का केलं नाहीस असं मी तिला मोठेपणी एकदा विचारलं, तर म्हणाली, “सवड कुठे होती?” हे ती हसत म्हणाली होती आणि मीही हसलो होतो. पुढे माझी नोकरी, लग्न, मुलगी. ताई त्याच खोलीत राहिली, दुसऱ्या मजल्यावर, जिथे लिफ्ट नाही. गेल्या हिवाळ्यात ती न्हाणीत घसरली आणि तिच्या खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं. जिने चढता येईपर्यंत म्हणून तिला शुश्रूषागृहात ठेवलं. ठेवलं म्हणजे मी ठेवलं. तेव्हापासून दर रविवारी मी जातो, तिच्या पलंगाशेजारच्या खुर्चीत बसतो, आणि निघताना म्हणतो, “ताई, तू आमच्याकडेच ये.” ती म्हणते, “येईन की.” मग मी तिचं पांघरूण नीट करतो आणि निघतो. हे आमचं इतकं बसून गेलंय की एखाद्या रविवारी मी विसरलो असतो तर तिनं तिचं उत्तर तसंच दिलं असतं.

पण आता ते तसं ठेवता येणार नव्हतं. खोलीचा मालक भला माणूस, इतके महिने थांबला, आता मात्र त्याला खोली हवी होती. शनिवारी किल्ली परत करायची. एकदा किल्ली गेली की ताईला परतायला जागा नाही. मग शुश्रूषागृहातला तात्पुरता पलंग कायमचा होणार, तिचं नाव वरच्या मजल्यावरच्या पाटीवर जाणार, जिथून कुणी घरी जात नाही. हे मला माहीत होतं, ताईला माहीत होतं, बायकोला माहीत होतं. या विषयावर कुणी एक अक्षर काढत नव्हतं. गेल्या रविवारी मी एकटाच खोली आवरायला गेलो. भांडी दोन खोक्यांत मावली. कपाट मालकाचंच होतं. राहिलं मशीन. मी त्याच्यावरचं फडकं काढलं, चाकाला हात लावला. खाली तळमजल्यावर एका शिंप्याचं दुकान आहे. ताईची आणि त्याची कापडाच्या तुकड्यांची देवाणघेवाण चालायची. मी खाली गेलो आणि त्याला म्हणालो, “मशीन घेऊन जा. ताई आता काही चालवणार नाही.” तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं माणूस वर पाठवला आणि आम्ही दोघांनी ते जिन्यावरून उतरवलं. एका वळणावर त्याचा पाय कठड्याला घासला आणि जो आवाज झाला तो अजून माझ्या दातांत आहे. हे मी ताईला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही.

आणि हेच मला गुरुवारी दुपारी, त्या टेबलापाशी, गवताच्या शब्दावर वाद चालू असताना, लख्ख दिसलं. मी म्हणत होतो आणावंसं वाटतं, आणि हातानं मशीन देऊन मोकळा झालो होतो. माझ्या हातांना कळलेलं होतं. वाटणं एका खोलीत बसलं होतं आणि हात दुसऱ्या खोलीत आपलं काम उरकत होते. मला घाम फुटला. वकीलबाई म्हणाल्या, “बरं नाही का?” मी म्हटलं, “उकडतंय.” त्यांनी खिडकीकडे पाहिलं, ती सताड उघडी होती. मलाच शरम वाटली.

संध्याकाळी बायको भाजी चिरत होती. ती औषधांच्या दुकानात काम करते. दिवसभर लोकांच्या चिठ्ठ्या वाचून तिचे डोळे दुखतात, म्हणून घरी आल्यावर ती एखादं काम हाताला लावून डोळे अर्धे मिटून घेते. मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो आणि पडताळ्याला म्हणतात तसं, तिच्याकडे बघून म्हटलं, “ताईला आपल्याकडे आणावं असं फार वाटतं.”

“हं,” ती म्हणाली.

सुरी चालू राहिली. मी तिथेच थांबलो. इतक्या वेळा ऐकलेलं ते ‘हं’ मला पहिल्यांदा नीट ऐकू आलं.

“मी हे नेहमी म्हणतो, नाही?”

“म्हणता खरं.”

“तू कधीच काही बोलत नाहीस त्यावर.”

“काय बोलायचं?” तिनं सुरी खाली ठेवली. “तुम्ही म्हणता, वाटतं. वाटू दे. वाटण्याला कोण नाही म्हणणार?”

“मला वाटायचं, तुला नको असेल.”

“तसं वाटणं तुम्हाला सोयीचं होतं.” हे ती चिडून म्हणाली नाही. चिडली असती तर मला सोपं गेलं असतं. “तुम्ही कधी विचारलंत का मला? ‘आणू का’ असं? विचारलं असतंत तर मी भांडले असते थोडी. दिवसभर त्यांच्यापाशी कोण, न्हाणीत त्यांना धरणार कोण, हे काढलंच असतं मी. ते सगळं माझ्याच अंगावर येणार आहे, ते मला कळत नाही का? भांडले असते आणि मग हो म्हटलं असतं. पण तुम्ही विचारलंच नाहीत. मीही आपणहून बोलले नाही. मीही काही देवी नाही. आयतं टळत होतं, टळू दिलं.”

लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर दोन माणसं एकमेकांच्या आड किती बेमालूम लपू शकतात हे पाहून मला तिची आणि माझी दोघांचीही भीती वाटली. ती माझ्या ‘वाटतं’मागे लपली होती आणि मी तिच्या न उच्चारलेल्या नकारामागे. आणि आमच्या या लपंडावात ताई तिकडे लोखंडी पलंगावर, दाराकडे तोंड करून.

“आणू का?” मी विचारलं.

मग ती भांडली. म्हटल्याप्रमाणे, थोडी. दिवसा बाई ठेवायची झाली तर तिच्याशी बोलायचं कुणी, मुलीच्या खोलीत साठवलेली माझी पुस्तकं कुठे जाणार, ताईंना रात्री उठावं लागलं तर कोण जागं होणार. प्रत्येक प्रश्नाला मी उत्तर देत गेलो. काही उत्तरं मोडकी होती. शेवटी ती म्हणाली, “न्हाणीत धरायला दोन कड्या बसवून घ्या भिंतीला. आधी ते.” आणि पुन्हा सुरी हातात घेतली. मुलगी नोकरीसाठी दुसऱ्या शहरात गेल्यापासून तिच्या खोलीत आम्ही फारसे जात नाही. मी दिवा लावून तिथे उभा राहिलो. खिडकीखालची जागा मोकळी होती. ती कशासाठी मोकळी आहे ते मला कळत होतं, आणि मी दिवा घालवून बाहेर आलो.

शुक्रवारी कचेरीतून लवकर निघालो. रविवार नसलेल्या दिवशी शुश्रूषागृह वेगळं दिसतं. भेटायला येणाऱ्यांची वर्दळ नाही, दाराशी कुणी फुलं घेऊन उभं नाही. फरशी पुसल्याचा वास आणि कुठेतरी चालू असलेला रेडिओ. ताई भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर उशीचा अभ्रा होता, तिथलाच, शिक्का मारलेला. त्याची उसवलेली कड ती हातानं शिवत होती. मला पाहून तिनं सुई कापडात टोचून ठेवली.

“आज कसा आलास रे छोट्या? सगळं ठीक ना?”

मी पन्नाशी उलटलेला, टक्कल पडलेला, आणि छोट्या. मी खुर्चीत बसलो. ही खुर्ची इतक्या रविवारांनी माझ्या पाठीच्या आकाराची झाली होती. तिच्यात बसलं की जिभेवर ते वाक्य आपोआप यायचं. आत्ताही आलंच होतं. ते मी गिळलं आणि म्हटलं, “उद्या दुपारी गाडी घेऊन येतो. सामान बांधून ठेवायला सांग इथल्या लोकांना. घरी जायचंय.”

ताई माझ्याकडे बघत राहिली. ती ‘येईन की’ म्हणाली नाही. तिचे ओठ त्यासाठी हललेसुद्धा, पण शब्द फुटला नाही. बाहेर कुणाची तरी चाकांची खुर्ची करकरत गेली. मला वाटलं, उशीर झाला. मी इतके दिवस म्हणत आलेलं पोकळ वाक्य तिनं इतक्या वेळा ऐकलं होतं की आता खरं आणलेलं तिला ओळखू येत नव्हतं. मग ती म्हणाली, “मशीन कुठे ठेवणार?”

“खिडकीपाशी,” मी म्हणालो.

“कुठल्या खिडकीपाशी?”

“मुलीच्या खोलीत. आता ती तुझी.”

“उजेड कुठून येतो तिथे? मला डाव्या हाताला लागतो.”

“डावीकडूनच येतो. सकाळचा.”

“आणि आवाजाचं? तुझ्या बायकोचं डोकं दुखेल. दिवसभर काम करून येते बिचारी.”

“तिनंच सांगितलंय, न्हाणीत कड्या बसवायला.”

“कड्या,” ताई स्वतःशीच म्हणाली. ती प्रश्नामागून प्रश्न विचारत होती. एका खऱ्या वाक्यासाठी तिनं हे सगळे प्रश्न कुठे जपून ठेवले होते कोण जाणे. उजेडाचा प्रश्न काही आजचा नव्हता. तिनं मनात त्या घरात मशीन कितीदा मांडून पाहिलं असेल, आणि प्रत्येक रविवारी माझं तोंड बघून परत उचलून ठेवलं असेल. आता सांगणं भाग होतं. मी फरशीकडे बघून म्हटलं, “ताई, मशीन माझ्याकडे नाही. मी ते देऊन टाकलं. खालच्या शिंप्याला.”

“ठाऊक आहे मला.”

मी वर पाहिलं.

“मंगळवारी येऊन गेला तो. इथे बसला होता, तुझ्याच खुर्चीत. म्हणाला, तुमचे भाऊ म्हणाले घेऊन जा, पण मी मशीनला दोरा ओवलेला नाही. कोपऱ्यात ठेवलंय, वर फडकं टाकून. मी म्हटलं, वापर की, पडून गंजेल.” ती थांबली. अभ्र्यातली सुई तिनं काढली, पुन्हा टोचली. “तो गेला आणि मी इथल्या बाईंना सांगितलं, माझं नाव घाला वरच्या मजल्यावर. म्हटलं, छोट्याचं ठरलंय. त्याला सांगवत नाहीये एवढंच.”

मला तिच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं, आणि आणखी एक वाटणं नको म्हणून मी ते केलं नाही. मी तिचा हात धरला. अंगठ्याशेजारच्या बोटाचं टोक सुईनं खरखरीत झालेलं, ते लहानपणीही तसंच होतं. माझे डोळे भरून आले. तिनं हात सोडवून घेतला नाही. दुसऱ्या हातानं माझ्या मनगटावरचं घड्याळ आपल्याकडे वळवून पाहिलं.

“सातला बंद करतो तो दुकान,” ती म्हणाली. “उद्या त्याची सुट्टी. ऊठ.”

मी उठलो.